पान एकोणीस, ओळ सात

दिनांक ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. ठिकाण तोयोसु, टोकियो. आकाश निरभ्र, वायव्येकडून जोराचा वारा, दूरवरचं स्वच्छ दिसतंय.

मी एक उड्डाणवही बोलतेय. तारीख, ठिकाण आणि हवा सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझ्या जातीची सवय. वैमानिक जमिनीवर उतरला की माझ्यात नोंद करतो: कुठून उडाला, किती वाजता, कुठे उतरला, किती वाजता, कशासाठी. शेवटी शेऱ्याचा रकाना. पानाच्या तळाशी साऱ्या उड्डाणांच्या वेळेची बेरीज, त्यावर शिक्का आणि वरिष्ठाची सही. एवढंच माझं आयुष्य.

मी जर्मन आहे आणि मराठीत बोलतेय. त्याचं कारण पुढे येईल. मी रागावलेली आहे, हे मात्र आत्ताच सांगते. साठ वर्षं रागावलेली आहे. वहीचा राग माणसाच्या रागासारखा उसळत नाही. तो पानांसारखा पिवळा पडत जातो आणि कडांना ठिसूळ होतो.

माझा जन्म १९३६ सालचा, जर्मनीतल्या एका छापखान्यातला. निळसर राखाडी कापडाची बांधणी, चांगला जाड कागद, प्रत्येक पानावर चौदा रकाने. मुखपृष्ठावर पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पंजात एक चिन्ह. तुम्ही ते चिन्ह शुभ म्हणून उंबऱ्यावर काढता. त्यांनी ते कलतं करून माझ्या छातीवर छापलं होतं.

माझा मालक कॉनराड वेमायर. मी त्याच्या हातात पडले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. शाळकरी वयात तो टेकडीवरून बिनइंजिनाची विमानं उडवायला शिकला होता आणि आता सैन्यात भरती झाला होता. अक्षर सुरेख. रेघा मारायला पट्टी, शाई टिपायला टीपकागद, आणि बेरीज दोनदा तपासायची सवय. पहिली तीन वर्षं मी त्याच्यावर खूश होते. दुसऱ्यांच्या वह्या कॉफीचे डाग मिरवायच्या, माझ्या अंगावर एक ठिपका नव्हता.

मग १९३९ चा सप्टेंबर आला आणि पोलंडवर हल्ला झाला.

मी विमानात कधी नसायचे. मी तळावर, त्याच्या खाटेखालच्या पेटीत. त्यामुळे वर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं सांगणार नाही. मला माहीत आहे ते त्याने लिहिलं तेवढंच. ११ सप्टेंबर, सोमवार, हवा निरभ्र. पान एकोणीस, ओळ सात. तो परत आला, हात धुतले, कॉफी घेतली, पट्टी ठेवली आणि लिहू लागला. शेऱ्याच्या रकान्यात नेहमी दोन शब्द असायचे, ‘पुलावर हल्ला’ किंवा ‘रेल्वेमार्ग’. त्या दिवशी अक्षर बारीक करून त्याने रकाना काठोकाठ भरला. शेजारच्या खाटेवरचा होर्स्ट डोकावून म्हणाला, “कॉनराड, कादंबरी लिहितोस की काय?” दोघंही हसले. आठवड्याच्या शेवटी वरिष्ठाने न वाचता शिक्का मारला आणि सही केली. पान एकोणीसची बेरीज, चौदा तास वीस मिनिटं.

पुढे फ्रान्स, मग पूर्वेकडची आघाडी. पदकं दोन. १९४३ मध्ये विमान पडलं, डाव्या हाताची दोन बोटं गेली, मग रुग्णालय, मग पुन्हा उड्डाणं. शेवटी इंग्रजांच्या कैदेत दीड वर्ष. सुटून आला तेव्हा जर्मनांना उडायला बंदी होती. आकाशातला सरदार कोळशाचा ट्रक चालवू लागला. तेव्हा तो मला अधूनमधून उघडायचा आणि पदकाच्या दिवसांची पानं वाचायचा. एकोणिसावं पान तो दोन बोटांत धरून पलटायचा, न बघता.

१९५५ मध्ये एका यंत्रं विकणाऱ्या कंपनीने त्याला योकोहामाला पाठवलं. तिथे त्याने सुमिए नावाच्या मुलीशी लग्न केलं. मुलगी झाली, एरिका. माझ्या छातीवरच्या गरुडावर त्याने हाताने बनवलेला जपानी कागद चिकटवला, फिकट हिरवा, आत बांबूचे धागे. लाज झाकायला कागद मात्र सुंदर निवडला.

आता माझ्या रागाचा दिवस. एप्रिल १९६५, रविवार, दुपार. बाहेर वारा, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. कॉलेजच्या काही मुलांनी ग्लायडर क्लब काढायचं ठरवलं होतं आणि त्यांना शिकवायला वेमायर हवा होता. विमा कंपनीला त्याच्या उड्डाणाच्या तासांचा पुरावा हवा होता, म्हणजे मी हवी होते. मी मुलांच्या हातात पडणार होते. त्याने खिडकीशी मेज ओढलं, दाढीचं पातं घेतलं आणि सातव्या ओळीतला शेरा खरवडून काढला. उतरल्याची वेळही खरवडली. चमच्याच्या पाठीने कागद घासून गुळगुळीत केला. वर नव्या शाईने लिहिलं: ‘कार्यशाळेनंतरची चाचणी’, उतरण्याची वेळ ५:३६.

आठ वर्षांची एरिका शेजारी उभी होती. तिने विचारलं, काय करताय? तो म्हणाला, “शाईचा डाग पडलाय. साफ करतोय.”

डाग. माझ्या अंगावर एकच खरा डाग होता आणि तो त्याने त्या दुपारी पाडला. त्याने गोळ्या झाडल्या, त्या मी लिहून घेतल्या. तो माझा धर्म. पण मला खोटं बोलायला लावण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? माणूस स्वतःची चूक विसरू पाहतो, ते मी समजू शकते. पण त्या चुकीबद्दल साक्ष देणाऱ्याचीच जीभ कापायची, हे मला समजत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला खरवडता आली नाही. तळाची बेरीज. तिच्यावर शिक्का होता.

त्यानंतर तेवीस वर्षं मी कौतुक ऐकलं. क्लबची मुलं त्याला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायची. तो सांगायचा, आम्ही फक्त पूल आणि रूळ उडवले, माणसांवर कधी नेम धरला नाही. मुलं माना डोलवायची. त्यांतला सर्वांत भक्त होता एकोणीस वर्षांचा कुरोदा. १९८८ मध्ये वेमायर वारला. मी एरिकाच्या खणात गेले, हिशेबाच्या नव्हे, मोज्यांच्या. सदतीस वर्षं मी मोज्यांखाली पडून होते, आणि तो अंधार मला क्लबच्या कौतुकापेक्षा बरा वाटत होता.

यंदा क्लबला साठ वर्षं झाली. कुरोदा आता एकोणऐंशीचा, क्लबचा अध्यक्ष. त्यांनी प्रदर्शन ठरवलं आणि सेन्सेईंच्या वहीचं जपानी भाषांतर पुस्तिकेत छापायचं ठरवलं. त्यांना जुनं जर्मन हस्ताक्षर वाचणारं माणूस हवं होतं. कुरोदा पूर्वी ज्या कंपनीत मोठ्या पदावर होता, तिचं काम तोयोसुतल्या एका ऑफिसात चालतं. तिथे श्रीहरी नावाचा पुण्याचा इंजिनिअर आहे. त्याची बायको जयंती पुण्यात नऊ वर्षं जर्मन शिकवायची. जपानमधला एक जर्मन वारसा वाचायला एक पुणेकरीण मिळाली, याचं कुरोदाला भारी नवल वाटलं. तुम्हाला वाटणार नाही. पुण्यात दर चौथ्या घरात कुणीतरी जर्मनच्या परीक्षेला बसलेलं असतं.

असा माझा मुक्काम ग्योतोकुला, जयंतीच्या घरी आला. सातव्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत तुळस, फ्रिजवर कचऱ्याचं वेळापत्रक. जयंतीने टेबल पुसलं, कोरडं केलं, पोह्यांची ताटली दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि मग मला उघडलं. हिरव्या कागदाच्या फाटक्या कोपऱ्यातून तिला गरुडाचा पंजा दिसला. तिने कोपरा परत दाबून बसवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्यांची पद्धत अशी. जयंतीला जपानी बोलता येतं, लिहायला जमत नाही. तिची पंधरा वर्षांची मुलगी शिवानी इथेच वाढलेली, तिला लिहिता येतं, पण जर्मन येत नाही. म्हणून आई मला जर्मनमध्ये वाचणार, मराठीत मोठ्याने सांगणार आणि मुलगी ते जपानीत टाइप करणार. रोज शाळा सुटल्यावर दीड तास. मी जर्मन शाईची, जपानी कागदात गुंडाळलेली, आणि पहिल्यांदा कुणी मला मोठ्याने वाचत होतं ते मराठीत. मला ही भाषा अशी आली.

जयंतीला या कामाची किती आस होती ते मी तिच्या बोटांवरून ओळखलं. चौदा वर्षं ती इथे आहे. चौदा वर्षांत तिचं नाव छापलं गेलं ते फक्त सुपरमार्केटच्या बिल्ल्यावर, जिथे ती आठवड्यातून चार दिवस अर्धवेळ काम करते. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘अनुवाद: जयंती’ असं छापायचं कुरोदाने कबूल केलं होतं. तिने ते पुण्याला आईला फोनवर सांगितलं होतं. दोनदा.

पान एकोणीसला शिवानीचं गाडं अडलं. ती सगळे आकडे संगणकातल्या तक्त्यात भरत होती आणि तक्ता आपोआप बेरीज करत होता.

“अवानाई,” ती म्हणाली. म्हणजे जुळत नाही.

“मराठीत सांग.”

“जुळत नाही, आई. इथे चौदा तास वीस मिनिटं लिहिलंय. माझे बारा पंधरा येतात.”

“तू चुकली असशील. पुन्हा भर.”

तीन वेळा भरलं. दरवेळी दोन तास पाच मिनिटं कमी. जयंतीने चष्मा वर केला. तोवरच्या अठरा पानांत मी एका मिनिटानेही चुकलेले नव्हते, हे तिला माहीत होतं. तिने पानावरून करंगळी फिरवली आणि सातव्या ओळीवर ती थांबली. कागद तिथे पातळ होता.

मी साठ वर्षं त्या करंगळीची वाट पाहत होते.

पुढचं डोकं शिवानीचं. तिच्याकडे नखांचा रंग वाळवायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा होता. जुनी शाई त्या उजेडात काळी दिसते, असं तिने शाळेत पाहिलं होतं. पण खोलीत ऊन होतं. मग आई आणि मुलगी दिवसाउजेडी गाद्या ठेवायच्या खोल कपाटात शिरल्या, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि सरकतं दार लावून घेतलं. शिवानी हसत होती, पाय हलव, उशी नाकात जातेय, वगैरे. मग तिने दिवा लावला.

आधी वेळ उमटली, ७:४१. मग खालचा शेरा, काजळीसारखा. जयंती एकेक शब्द जर्मनमध्ये पुटपुटली आणि सवयीने मराठीत सांगू लागली.

“रस्ता. घोडागाड्या, माणसं, गुरं. चार फेऱ्या.” ती थांबली.

“पुढे?”

“विरोध नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे खालून कुणी गोळी झाडली नाही.”

“कोण झाडणार? गुरं?”

जयंतीचं बोट ओळीच्या शेवटाकडे सरकलं. मग शेवटचे शब्द तिने फार हळू सांगितले. “दारूगोळा संपला. परत.”

दोघी कपाटातच बसून राहिल्या. दिवा आपोआप विझायचा, शिवानी पुन्हा लावायची.

श्रीहरी माणूस वाईट नाही. तो घरी आला, त्याने ऐकलं, बूट काढता काढताच डोक्याला हात लावला.

“तुला बेरीज करायला कुणी सांगितली होती?”

“बेरीज चुकली होती.”

“चुकू दे की. वर काय लिहिलंय? चाचणी. भाषांतर कर, चाचणी. कुरोदा-सानच्या शिफारशीवर आमचं काम चालतं, जयंती. म्हातारा माणूस आहे, साठ वर्षांचा त्याचा देव आहे तो. शहाऐंशी वर्षांपूर्वीचं उकरून कुणाचं भलं होणार आहे?”

“तुझ्या प्रोग्रॅममध्ये दोन तास पाच मिनिटं गायब असती तर तू काय केलं असतंस?”

श्रीहरीने बूट कोपऱ्यात सरकवले. पाणी प्यायला गेला. माणसांना उत्तर नसलं की तहान लागते, हे मी तीन देशांत पाहिलंय.

शनिवारी तोयोसुच्या एका कॉफीच्या दुकानात कुरोदा आला. जयंतीने मला टेबलावर ठेवलं, शिवानीने दिव्याखाली काढलेला फोटो त्याच्यासमोर सरकवला आणि शेरा जपानीत वाचून दाखवला. त्याने फोटो पाहिला. कपाला हात लावला नाही. मग अतिशय सौम्यपणे म्हणाला, “जयंती-सान, वर जे लिहिलंय तेही सेन्सेईंच्याच हातचं आहे. तेही खरंच ना?”

“हो. दोन्ही त्यांच्याच हातचं,” जयंती म्हणाली. “म्हणून दोन्ही छापू.”

“तुम्ही सेन्सेईंना ओळखत नव्हता.”

“नाही. रस्त्यावरच्या माणसांना आपण दोघंही ओळखत नाही.”

कुरोदा उठला. त्याने वाकून आतापर्यंतच्या कष्टांबद्दल आभार मानले आणि दुसरा अनुवादक पाहावा लागेल, असं सांगितलं. किती नम्र शब्द. मला त्याच्या नम्रपणाचाही संताप आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान काहीतरी टोचलेलं असतं.

मी क्लबची नव्हते, एरिकाची होते. म्हणून जयंती मला घेऊन योकोहामाला तिच्या घरी गेली, शिवानीला सोबत घेऊन. वाटेत गाडीत ती मला मांडीवर धरून बसली होती आणि शिवानीने विचारलं, नाव छापणार नाहीत का आता? जयंती म्हणाली, नाही. आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

एरिका अडुसष्ट वर्षांची आहे. तिने चहा ठेवला, मला पाहिलं आणि जयंतीने तोंड उघडण्याआधीच विचारलं, “सातव्या ओळीपर्यंत पोहोचलात?”

जयंतीने कप खाली ठेवला आणि मान हलवली.

मग एरिकाने सांगितलं ते मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती दुपार, ते पातं, तो चमचा. डाग नव्हता, हे आठ वर्षांच्या मुलीला दिसलं होतं. वडील गेल्यावर तिने मला पुष्कळदा उघडलं. पण तिला जर्मन येत नाही. त्यांनी शिकवली नाही. आईने कितीदा म्हटलं तरी शिकवली नाही. क्लबमधल्या कुणाला विचारलं असतं तर त्यांनी ती ओळ वाचलीच नसती. म्हणून वही देताना तिने कुरोदाला एकच अट घातली होती, वाचणारं माणूस बाहेरचं हवं.

“मला वाचून दाखवा,” ती म्हणाली.

जयंतीने जर्मन वाचलं, मराठीत सांगितलं, शिवानीने जपानीत म्हटलं. एरिका हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

“किती माणसं?” तिने विचारलं.

जयंतीने सगळे रकाने पुन्हा पाहिले. “ते लिहिलेलं नाही.”

इथे माझा राग माझ्यावर उलटला. किलोमीटर आहेत माझ्यात. मिनिटं आहेत, इंधन आहे, उंची आहे. चौदा रकाने आहेत. खाली रस्त्यावर असलेल्यांसाठी एकही नाही. तो छापणाऱ्याने छापला नाही, आखणाऱ्याने आखला नाही, आणि मी नीटनेटकी म्हणून मिरवत राहिले. मी वेमायरला शिव्या देते, कुरोदाला देते, पण त्या सोमवारी त्याने तो शेरा लिहिला तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की अक्षर रकान्याबाहेर जाऊ नये.

एरिकाने त्याच दिवशी कुरोदाला फोन केला. वही हवी तर पान एकोणीस उघडं राहील आणि शेजारी खरा शेरा लिहिलेली चिठ्ठी राहील, नाहीतर वही मिळणार नाही. कुरोदाला वहीशिवाय प्रदर्शन नको होतं. चिठ्ठी चालेल म्हणाला, पण काचपेटी कुठे ठेवायची ते क्लब ठरवेल. क्लबने ती दाराजवळ, ओल्या छत्र्या ठेवायच्या स्टँडशेजारी ठेवली. पुस्तिका दुसऱ्या अनुवादकाकडे गेली.

तर मी इथे आहे, छत्र्यांशेजारी. आज शेवटचा दिवस. मधल्या भिंतीवर सेन्सेईंचा हसरा फोटो आहे, खाली फुलं. काल एक बाई तिच्या मुलाला म्हणाली, चल, ही नुसती जुनी वही आहे. जयंती सुट्टी घेऊन तिन्ही दिवस आली. माझ्याजवळ थोडी उभी राहते आणि निघून जाते. पहिल्या दिवशी तिने पुस्तिका उचलली, पहिलं पान उघडलं, मिटलं आणि परत जागेवर ठेवली.

तुम्ही कुणाची वही वाचत असाल, पत्रं वाचत असाल, आजोबांच्या पदकांवरून हात फिरवत असाल, तर माझं एवढं ऐका. अक्षर सुंदर आहे म्हणून विश्वास ठेवू नका. कागद पातळ लागतो तिथे बोट थांबवा. बेरीज करून पाहा. आणि संध्याकाळी हे लोक मला बंद करायला येतील तेव्हा कुणीतरी म्हणा, अजून थोडा वेळ उघडी राहू दे.

शेवटची नोंद.

प्रदर्शन १ ते ३ नोव्हेंबर २०२५. आलेली माणसं २१२. काचपेटीपाशी थांबलेली ६३. त्यांत क्लबचे सभासद ४. अध्यक्ष कुरोदा, ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१० ते ४:२१.

पुस्तिका, ५०० प्रती. पान १९, ओळ ७: कार्यशाळेनंतरची चाचणी, २४ मिनिटं. अनुवादक म्हणून दुसरं नाव.

काचपेटीतली चिठ्ठी, हाताने लिहिलेली, जपानी आणि मराठी, एक प्रत. पान १९, ओळ ७: रस्ता. घोडागाड्या, माणसं, गुरं. चार फेऱ्या. विरोध नाही. दारूगोळा संपला. परत. उड्डाण ५:१२, उतरला ७:४१. दोन तास एकोणतीस मिनिटं. खाली सह्या तीन: एरिका, जयंती, शिवानी.

पानाची बेरीज, चौदा तास वीस मिनिटं.